घरी राहण्याचा प्रश्न

घरात एकास कोविड झाला असता इतरांनी चाचणी करावी काय, हा प्रश्न आज पुष्कळांस हास्यास्पद वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रोग मात्र गेलेला नाही. लक्षणे नसलेल्या सहवासितांस चाचणी अनावश्यक, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जानेवारी २०२२ मध्ये सांगितले खरे, पण वृद्ध व व्याधिग्रस्त वगळून! हा अपवाद लोक सोयीस्करपणे विसरतात. शिवाय घरगुती चाचणी आरंभीच्या दिवसांत खोटा दिलासा देऊ शकते. म्हणून घसा खवखवू लागताच, चाचणी काहीही सांगो, कचेरीत जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पगारी रजा शिल्लक असणारांस हे सोपे. परंतु आपल्या घरच्या दुखण्यापायी मोलकरणीस येऊ नको म्हणावयाचे आणि तिचे त्या दिवसांचे पैसे कापावयाचे, हा शुद्ध अन्याय होय.