सुप्रमाची फाईल कुठे सुरू होते?

कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गाला २०१६-१७ मध्ये मंजुरी मिळाली. सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग, खर्च तेव्हाच तीन हजार कोटींच्या पुढे. त्यानंतर बैठका झाल्या, निवेदने दिली गेली, पण घाटात काम उभे राहिले नाही. उद्या ते सुरू झालेच, तर खर्च वाढल्याची बातमी येईल आणि वाढीचे खापर महागाईवर व भूसंपादनावर फुटेल. आपल्या अभियांत्रिकी व्यवसायाने यापुढे हे उत्तर पुरेसे मानू नये.

याच मार्गाला जिला जाऊन मिळायचे आहे, ती कोकण रेल्वे आठवा. १९९० च्या सुमारास तिचा अंदाज साधारण १,४०० कोटींचा होता. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला होता. कर्जरोख्यांवरचे व्याज वाढत गेले, गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन झाले, हे खरेच. पण पेडण्याच्या बोगद्यातल्या मऊ, पाणी धरणाऱ्या मातीने वर्षानुवर्षे काम अडवले; ती वारंवार ढासळली आणि तिने जीवही घेतले. गगनबावड्याचा पाऊस आणि जांभ्याखालचे थर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातला इशारा वेगळा समजावून सांगायला नको. इथे पुरेसे बोअर घेतल्याशिवाय दिलेला प्रत्येक आकडा हा निव्वळ अंदाज आहे, आणि तसे त्या आकड्याशेजारी लिहिले पाहिजे.

बेंट फ्लुबिअर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० देशांतले २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. दर दहापैकी नऊ प्रकल्पांत मूळ अंदाज कमी निघाला. रेल्वेत सरासरी वाढ ४५ टक्के, रस्त्यांत २०. चुका निव्वळ अनवधानाने होत असत्या तर साधारण तितकेच अंदाज जास्तही निघाले असते. आकडा मंजुरीत बसावा म्हणून आधी खाली ओढला जातो, हे आपल्यापैकी ज्याने एस्टिमेट केले आहे त्याला माहीत आहे. युटिलिटी शिफ्टिंगला ठोक रक्कम, खडकाचे प्रमाण शेजारच्या कामावरून, जमिनीचा ताबा 'मिळेल' असे गृहीत. मग कार्यारंभ आदेशानंतर एक्स्ट्रा आयटम, क्लॉज ३८ खालची वाढीव परिमाणे आणि शेवटी सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे सुप्रमा. ती फाईल मंत्रालयात पोचते खूप नंतर. तिची सुरुवात आपल्या टेबलावर झालेली असते.

कोल्हापूरकरांनी अशा कच्च्या हिशेबाची किंमत रस्त्यावर उतरून मोजली आहे. शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा २२० कोटींचा प्रकल्प 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावर खासगी कंपनीला दिला गेला, टोलची मुदत ३० वर्षे. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे पुढे झाली, शहर पेटले, टोल रद्द झाला. पण रस्त्यांचे फेरमूल्यांकन करावे लागले आणि कंपनीची भरपाई सरकारच्या गळ्यात पडली, तीही साडेचारशे कोटींच्या पुढे. यात व्याज आणि उलटलेली वर्षे आहेत, म्हणून दोन्ही रकमा थेट समोरासमोर ठेवू नयेत. तरीही काय बांधले आणि ते किती रुपयांचे, हा मोजमाप पुस्तिकेतला प्रश्न रस्ते वापरात आल्यावर वर्षानुवर्षे सुटत नाही, ही स्थापत्य अभियंत्यांसाठी मान खाली घालायची गोष्ट आहे.

आता शक्तिपीठ महामार्ग दारात आहे. सुमारे ८०२ किलोमीटर, ८६ हजार कोटींच्या पुढचा अंदाज, आणि जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा तीव्र विरोध. त्याच्या बाजूने वा विरोधात कोणीही असो, जमीन, पूररेषेतले भराव, मोऱ्या आणि पुलांची लांबी यांचे हिशेब मंजुरीआधी खुले व्हावेत, ही मागणी आपल्यातूनच यायला हवी. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या शिरोळ-करवीरच्या पट्ट्यात कमी धरलेली मोरी नंतर वाढवावी लागते, आणि तोवर शेत पाण्याखाली जाते.

प्रत्येक सुप्रमासोबत मूळ अंदाज, वाढीची कारणवार फोड आणि ती कारणे आधी दिसत होती का, याचा सहीनिशी अभिप्राय जाहीर व्हावा. तपासणी अपुरी असेल तर अंदाजपत्रकावर तसा शेरा मारून सही करण्याचा अधिकार कनिष्ठ अभियंत्याला मिळावा, आणि शेरा मारला म्हणून त्याची बदली होऊ नये. पुढच्या अंकापासून अशा शेऱ्यांचा नमुना मसुदा आम्ही छापणार आहोत. त्यात कोणत्या बाबी हव्यात, ते वाचकांनी कळवावे.