आधी घर, मग दया

"जंगलातल्या घोड्यांना पकडायचेच कशाला? राहू द्या की!" परवा वर्गात एका मुलीने विचारले. सवाल रास्त होता. जवाब शोधायला आम्ही मुलांना न्यूझीलंडला नेले, अर्थात नकाशावर.

तिथल्या कायमानावा भागात मोकाट घोडे आहेत. १९७९ मध्ये मोजले तेव्हा १७४ भरले. १९८१ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि १९९४ पर्यंत ते दीड हजारांवर गेले. घोडा हा काही तिथला मूळचा प्राणी नव्हे. त्याच्या चरण्याने आणि टापांनी दुर्मिळ वनस्पती धोक्यात आल्या. कळप वाढला की घोड्यांनाही चारा पुरत नाही.

म्हणून १९९३ पासून जास्तीचे घोडे बाहेर काढले जातात. हेलिकॉप्टरने कळपाला कुंपणाच्या वाड्याकडे वळवतात. तिथे वय, नर-मादी आणि प्रकृती पाहून निवड होते. काही परत सोडतात, बाकीच्यांना घर शोधतात. मागणाऱ्याची जागा आणि कुंपण तपासूनच घोडा सोपवतात. मात्र ज्यांना घर मिळाले नाही, असे कितीतरी घोडे कत्तलखान्यात गेले.

वर्ग गप्प झाला. मग तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे पकडण्याआधी घर शोधायला हवे."

आम्हाला तरी याहून वेगळे काय सांगायचे होते? घोडा पंचवीस वर्षे जगतो. एका दिवसाची माया त्याला पुरत नाही. मुलांच्या हट्टापायी मांजराचे पिल्लू घरी आणताना आपणही एवढा विचार करू या. मुका जीव ही अमानत आहे.