खिडकीवरचा कागद वाचता यावा

माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, शिनोळीच्या पलीकडचं. सासर बेळगावचं. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ माझं झेरॉक्सचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. माहेरी गेलं की बायका विचारतात, कर्नाटकात कसं काय बरं आहे? इथं गिऱ्हाईक सुस्कारा टाकतं, महाराष्ट्रात असतो तर वेगळं असतं. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही बेळगाव कुणाचं या सीमाप्रश्नावर बोलतो आहोत, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. पण रोजचं जगणं नेमकं कुठल्या बाजूला सोपं आहे, याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. दुकानात येणाऱ्या कागदांवरून मला जो दिसतो, तो मी मांडते.

पहिली गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. आजारपण, कॉलेज, बाजार या तिन्ही बाबतींत चंदगडच्या माणसाला बेळगावच लागतं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. माझ्या भावजयीचं बाळंतपण अडलं तेव्हा गाडी बेळगावकडं वळली; कोल्हापूरचं नावही कुणी काढलं नाही. जून महिन्यात इथल्या आरपीडी आणि जीएसएस कॉलेजांच्या प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांत चंदगडकडची पोरं असतातच. शिनोळीला महाराष्ट्राची औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या कामगारांचाही आठवड्याचा बाजार पुष्कळदा इथंच होतो. महाराष्ट्रात राहूनही आयुष्यातली मोठी कामं शेजारच्या राज्यात करावी लागतात, हे चंदगडचं दुखणं आहे आणि त्याचा जाब मुंबईलाच विचारला पाहिजे.

दुसरी गोष्ट बायकांच्या हातातल्या पैशाची. येळ्ळूरहून टिळकवाडीत घरकामाला येणाऱ्या बायका माझ्या दुकानासमोरून जातात. येळ्ळूर म्हणजे २०१४ च्या जुलैत ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक हटवला गेला तेव्हा पोलिसांच्या लाठ्या खाल्लेलं गाव. त्याच गावच्या बायका ११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या बसमधून फुकट येतात. दिवसाचं जाण्यायेण्याचं भाडं वाचणं म्हणजे महिन्याचं तेल-साखर निघणं. कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार त्यांच्या खात्यात येतात, हप्ता लांबला की त्या पासबुक घेऊन माझ्याकडं येतात. हद्दीपलीकडं एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि लाडक्या बहिणीचे दीड हजार. माझ्या वहिनीला ते मिळतात, तिला त्याचा आधारही आहे. पण आकडा शेजारी शेजारी ठेवला तर इथली बाई पुढं आहे, हे कबूल करायला मराठी माणसानं लाजू नये.

न्यायालयाचंही तसंच. धारवाडला उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ २००८ मध्ये आलं, २०१३ मध्ये ते कायम झालं. बेळगावचा पक्षकार सकाळी निघून संध्याकाळी घरी येतो. कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं तेव्हा कुठं ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना सर्किट बेंच मिळालं. तोवर चंदगडच्या शेतकऱ्याला अपिलासाठी मुंबई गाठावी लागत होती.

मग महाराष्ट्राची बाजू कुठं जड आहे? २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची साक्षरता साडेएक्याऐंशी टक्के, बेळगावची साडेत्र्याहत्तर. आठ टक्क्यांचं हे अंतर लहान नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीकरांना ते रोज दिसतं. त्यांचं देवचंद कॉलेज गावाला लागूनच आहे, पण हद्दीपलीकडं, कागल तालुक्यातल्या अर्जुननगरला. गाव कर्नाटकात, पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर बसलेल्या आणि गोळीबारात माणसं गमावलेल्या निपाणीला चाळीसेक किलोमीटरवरचं कोल्हापूर आजही जवळचं वाटतं, यात नवल नाही.

पण त्याच जनगणनेतला आणखी एक आकडा बघा. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं कोल्हापुरात मुली ८६३ होत्या, बेळगावात ९३४. जास्त शिकलेल्या, शाहू महाराजांचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात मुली कमी जन्मल्या. सोनोग्राफीची यंत्रं आणि ती वापरायला पैसा, दोन्ही तिथं आधी पोचलं. माझ्या माहेरच्या जिल्ह्याबद्दल हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण राहणीमान मोजताना हे वगळून चालणार नाही. ज्या घरात मुलगी जन्मालाच येऊ देत नाहीत, ते घर किती सुखी आहे हे मी त्याच्या ट्रॅक्टरवरून ठरवणार नाही.

बेळगावचंही सगळं गोड नाही. चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग इथं २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत झाला आणि तो यशस्वी झाला. देशभरातून माणसं बघायला आली. संपूर्ण शहराला मात्र ते पाणी अजून मिळालेलं नाही. एका वॉर्डात नळ कधीही सोडा, दुसऱ्यात पाण्याच्या दिवसाची वाट बघा.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येते. कर्नाटकानं २००० च्या सुमारास ‘भूमी’ योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर आणले, देशात सगळ्यांच्या आधी म्हणावं असं मोठं काम केलं. खिडकीवर पैसे भरले की उतारा हातात. माझ्या भावाला चंदगडला त्या काळात तलाठ्याची वाट बघावी लागायची. पण इथं हातात आलेला तो कन्नड उतारा मराठी शेतकऱ्याला वाचता येत नाही. पलीकडं माझा चौथी शिकलेला भाऊ सातबारा स्वतः वाचतो, चूक सापडली तर भांडतो. इथं पदवी घेतलेला माणूस माझ्या काउंटरवर कागद ठेवतो आणि म्हणतो, “काकू, ह्यात काय लिवलंय सांगा की.”

मध्यंतरी एक म्हातारे शेतकरी एका कार्यालयाची कन्नड नोटीस घेऊन आले. घरात देवाजवळ ठेवली होती, मुलगा पुण्याहून आला की वाचेल म्हणून. जमिनीच्या मोजणीवर हरकत घ्यायची मुदत होती तीस दिवसांची, ती टळून गेली होती. मी वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. पुढं वकील, फेऱ्या, खर्च. दोन हजार रुपयांची गृहलक्ष्मी आणि फुकटची बस अशा एका कागदात वाहून जाते.

कन्नडशी माझं भांडण नाही. लग्नानंतर मी ती शिकले, तिच्यावरच माझं दुकान चालतं. माझा मुलगा ती माझ्याहून सफाईनं लिहितो. कन्नड काढा असं मी म्हणत नाही, तिच्या शेजारी मराठी छापा एवढंच म्हणते. एखाद्या तालुक्यात पंधरा टक्क्यांहून जास्त लोक अल्पसंख्य भाषेचे असतील, तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे १९५६ पासून देशानं मान्य केलेलं धोरण आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या तालुक्यांत मराठी लोक त्याहून कितीतरी जास्त आहेत. न्यायालयाचा निकाल कधीही लागो, कुठल्याही बाजूनं लागो, उतारा, नोटीस आणि अर्ज दोन भाषांत द्यायला जिल्हा प्रशासनाला निकालाची वाट बघायची गरज नाही. ज्या सरकारनं एवढे उतारे संगणकात भरले, त्याला दुसरी लिपी छापणं जड नाही.

ते होईपर्यंत सीमाभागातल्या माझ्या वाचकांना एकच सांगणं आहे. घरात सरकारी कागद आला की तो देवाजवळ ठेवू नका. शेजारच्या शाळकरी पोराला कन्नड येतं, त्याला बोलवा आणि त्याच दिवशी वाचून घ्या. सगळ्यात आधी हरकतीची तारीख विचारा.