दोन परिषदांच्या मधली भूमी

आमच्या बसवकल्याणास मंत्रिपदाची थोरवी कोणी सांगू लागला, तर हसू येणे साहजिक आहे. विज्ञानेश्वरांची मिताक्षरा येथली. अमात्य कसा असावा हे मानसोल्लासात सांगणारा तिसरा सोमेश्वर येथला. आणि बसवेश्वर तर बिज्जलाचे मंत्रीच होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले. उदगीर, निलंगा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. त्याच वर्षीच्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या आणि सीमातंटे व भाषिक अल्पसंख्याक हे विषय नावानिशी त्यांच्याकडे सोपविले. अध्यक्ष केंद्रीय गृहमंत्री. प्रत्येक राज्याचा मुख्यमंत्री व दोन मंत्री सभासद. मुंबई आणि म्हैसूर तेव्हा एकाच पश्चिम परिषदेत होते. आज महाराष्ट्र पश्चिमेत, कर्नाटक दक्षिणेत! भांडण दोघांचे, आणि बसावयाच्या पंगती मात्र वेगळ्या.

मग १४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत काय झाले? गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसविले, हे चांगलेच झाले. दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून समिती ठरली. पण मे २०२३ मध्ये कर्नाटकात सत्तांतर होऊन तिकडचे तिन्ही मंत्री पायउतार झाले. माणसांवर उभारलेली समिती माणसांबरोबरच जाते. कायद्याने उभी केलेली परिषद खुर्च्या बदलल्या तरी राहते. हा साधा भेद राज्यकर्त्यांना उमगत नसेल, असे आम्ही मानीत नाही.

प्रकरण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, असे उत्तर आम्हांस मिळते. असो, सीमा न्यायालयच ठरवील. परंतु तुळजापूरची आणि गाणगापूरची वाट कोणत्या न्यायालयात अडकली आहे? २०२२ च्या अखेरीस आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये तंटा पेटताच दोन राज्यांमधल्या एस. टी. गाड्या थांबल्या. भवानीस नवस बोललेली म्हातारी कोणत्या पक्षाची? घटनेच्या ३५०-अ कलमाने मुलास मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा यत्न सांगितला आहे. त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. मांजरेचे पाणीही ती पाहत नाही.

कायद्यात दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद आहे. ती बोलवावी, एवढीच आमची मागणी आहे. बैठक दिल्लीतच भरावी असेही नाही. ज्या गावात अनुभवमंटपात सर्व जातींची माणसे एकत्र बसून बोलत, ते गाव आमचेच आहे. मंत्रिमहोदयांनी यावे, फक्त तुळजापूरहून येताना मोटारींचा ताफा सोडून एस. टी.ने यावे.