मी राइडला का आलो नाही

रविवारी पहाटे साडेपाचला बाबा पेट्रोल पंपावर साठेक गाड्या जमल्या होत्या म्हणे. दंडाला काळ्या फिती, पहिल्या गाडीला फोटो बांधलेला, दौलताबादमार्गे वेरूळपर्यंत रांगेत राइड, घृष्णेश्वराच्या अलीकडे दोन मिनिटं शांतता आणि मग पोहे-चहा. अपघातात गेलेला मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या ग्रुपमधला. आमच्यातले दोघं-तिघंच त्याला ओळखायचे. मी एकदाच भेटलो होतो. आणि मी गेलो नाही.

तेव्हापासून फोन चालू आहेत. "तुला काही वाटतं की नाही रे?" इथपासून "लई शहाणा झालास" इथपर्यंत. प्रत्येकाला तेच तेच सांगायचा कंटाळा आलाय, म्हणून इथे एकदाच लिहून टाकतो. घरची मंडळीही हे वाचतात, त्यांच्यासाठीही शेवटी थोडं आहे. (काका, तुमच्यासाठी खास.)

दुःख करू नका असं मी म्हणत नाही. आपल्यासारखाच हेल्मेट, जॅकेट घालून घराबाहेर पडलेला कुणीतरी परत येत नाही, तेव्हा पोटात गोळा येतो. चार लोकांत जावंसं वाटतं, गाडी काढावीशी वाटते. पण गेल्या काही वर्षांत मी अशा पाच-सहा स्मृती राइड केल्या आणि प्रत्येक वेळी सोमवारी सकाळी स्वतःला विचारलं, की काल नक्की काय झालं? फोटो निघाले. पेट्रोल जळलं. दौलताबादच्या त्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते, तिथे आम्ही साठ गाड्यांची रांग मोडू नये म्हणून दोन्ही बाजूंची वाहतूक अडवली आणि एसटीतली माणसं खिडकीतून बघत बसली. ज्या रस्त्यावर तो माणूस गेला, तो रस्ता मात्र होता तसाच राहिला.

२०१७ ची गोष्ट आठवते का? जुलै महिना, रविवार. मुंबईची एक मुलगी, चांगली अनुभवी बुलेटस्वार, मित्रमैत्रिणींबरोबर जव्हारकडे निघाली होती. डहाणू-जव्हार रस्त्यावर ट्रकला ओलांडताना तिचं चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेलं, ती पडली आणि ट्रक तिच्या अंगावरून गेला. तिचं नाव तेव्हा सगळ्या पेपरांत होतं. मी मुद्दाम लिहीत नाही. ती बायकर्नीची सदस्य होती. ही बायकांची मोटरसायकल संघटना २०११ मध्ये पुण्यातून सुरू झाली. पोलिसांनी निष्काळजीपणाने गाडी चालवल्याचा गुन्हा कुणावर नोंदवला, तर तिच्यावरच! म्हणजे मेलेल्या माणसावर. खड्डा कुणाचा, कंत्राट कुणाचं, हे त्या कागदावर कुठेच नाही.

तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. मीसुद्धा. पण चार दिवसांत त्या रागाचे दोन तट पडले. एक तट म्हणत होता, रस्त्याने मारलं. दुसरा म्हणत होता, पावसात ट्रकला ओलांडायला नको होतं, अमुक अंतर ठेवायला हवं होतं, तमुक गिअरमध्ये असायला हवं होतं. हा दुसरा तट मला फार जवळून माहीत आहे, कारण मी त्यात होतो. आता कळतं की ते शिकणं वगैरे काही नव्हतं, ती स्वतःची समजूत घालणं होतं. मेलेल्याची एखादी चूक सापडली की आपल्याला रात्री झोप लागते. ती चुकली, मी चुकणार नाही, संपला विषय! आणि पहिला तटही तितकाच सोयीचा. 'सिस्टीम' म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही.

त्याच मुंबईत एक दादाराव बिल्होरे आहेत. अंधेरीकडे त्यांचं किराणा दुकान. २०१५ च्या जुलैमध्ये त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर, दुचाकीवर मागे बसलेला असताना खड्ड्यामुळे गेला. या माणसाने राइड काढली नाही. घमेलं, खडी आणि डबर घेऊन तो स्वतःच खड्डे बुजवत सुटला आणि वर्षानुवर्षं बुजवत राहिला. ना रायडिंग जॅकेट, ना कुठला ग्रुप. मला तर वाटतं, महाराष्ट्रातल्या तमाम बायकर ग्रुपांनी मिळून दुचाकीवाल्यांसाठी जेवढं केलं, त्यापेक्षा जास्त या एका किराणा दुकानदाराने केलं. हे वाक्य झोंबेल. झोंबू दे.

कायद्याचंही तेच. खड्ड्यांवरची मुंबई उच्च न्यायालयातली लढाई सुरू झाली ती न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१३ मध्ये लिहिलेल्या एका पत्रावरून. पुढे वकील मंडळींनी ती रेटली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर घरच्यांना सहा लाख आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत १९८-अ नावाचं कलम आलंय. रस्ता ठरलेल्या मानकांप्रमाणे बांधला नाही, देखभाल केली नाही आणि त्यातून कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर कंत्राटदाराला, सल्लागाराला, अगदी रस्त्याच्या यंत्रणेलाही एक लाखापर्यंत दंड. आता मला सांगा, आपल्या ग्रुपमधल्या किती जणांना हे कलम माहीत आहे? ड्युअल चॅनल एबीएस कसं चालतं यावर तासभर बोलणारे आपण! अपघातानंतर पोलीस ठाण्यात जाऊन 'हे कलम लावा' असा साधा अर्ज आपल्यापैकी कुणी कधी दिलाय? मी नाही दिला.

पण माझा खरा राग इथे नाही. तो आहे 'आपला' या शब्दावर.

आपण कुणाला बायकर म्हणतो? साडेतीनशे सीसीच्या वरची गाडी, नी-गार्ड, कॅमेरा, लडाखचा स्टिकर. असा माणूस गेला की महाराष्ट्रभर फिती लागतात. २०२२ च्या केंद्र सरकारच्या आकड्यांत देशभर रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. म्हणजे जवळजवळ निम्मी. हेल्मेट नसलेले ५०,०२९, आणि त्यात मागे बसलेले १४,३३७. या चौदा हजारांत बायका किती असतील याचा अंदाज कुणालाही करता येईल, कारण आपल्याकडे हेल्मेट असलंच तर ते पुढच्याच्या डोक्यावर असतं. या पाऊण लाखात नी-गार्डवाले कितीसे असणार? बाकी सगळे स्प्लेंडर, प्लॅटिना, अॅक्टिव्हावाले. दुधाचे कॅन लावलेले, खताची गोणी टाकीवर घेतलेले, बायको, दोन लेकरं आणि मध्ये एक पिशवी असे निघालेले. त्यांच्यासाठी आजवर एकही राइड निघालेली मी पाहिली नाही.

आणि गंमत बघा, ही माणसं आपल्या वेरूळच्याच रस्त्यावर आहेत. आपण तिथे रविवारी सकाळी दोन तास जातो, ती तिथे रोज असतात. लेण्यांसमोरच्या हॉटेलात काम करणारी पोरं रात्री अकराला खुलताबादकडे, कसाबखेड्याकडे परत निघतात. श्रावणात सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी, शुक्रवारी रात्री शहरातून भद्रा मारुतीला पायी निघालेले हजारो लोक, अंधारात रस्त्याच्या कडेने. साखर कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर असताना ती ट्रॉली दिसतच नाही, एकदम पुढ्यात येते. रात्री या रस्त्याने गेलेल्या कुणालाही विचारा.

चहाच्या टपरीवरचे एक मामा मला मागे म्हणाले होते, "तुम्ही सायेब लोक बरं, पडायची तयारी करूनच निघता. आमचं काय, आम्ही कामाला निघतो." हसत म्हणाले. मी पण हसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

आता हेल्मेटबद्दल, म्हणजे माझ्याच पापाबद्दल. २०१६ च्या फेब्रुवारीत औरंगाबादला (तेव्हा औरंगाबादच होतं) पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी हेल्मेटसक्ती केली. मी राइडला नेहमी हेल्मेट घालणारा, पण सक्तीच्या विरोधात चौकाचौकांत बोलत होतो. शहरात कुठे वेग असतो? मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत डोक्यावर भट्टी कोण ठेवणार? आधी रस्ते दुरुस्त करा, मग हेल्मेटचं बोला! टाळ्या मिळायच्या. त्याच वर्षी जुलैत परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर ते मागे घेतलं गेलं, तेव्हा आम्ही जिंकल्यासारखे वागलो. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत सक्तीविरोधात लोक पगड्या घालून रस्त्यावर आले, त्याचे फोटो बघून मी पोट धरून हसलो होतो. कौतुकाने.

'आधी रस्ते दुरुस्त करा' हा युक्तिवाद किती फसवा आहे हे मला उशिरा कळलं. रस्ता वाईट असेल तर हेल्मेटची गरज वाढते, कमी होत नाही. खड्ड्यात पडणाऱ्याचं डोकं डांबरावरच आपटतं, मग गाडी तीसच्या वेगाने का असेना. आणि उकाडा खरा आहे, पण याच उकाड्यात आपण डोक्याला उपरणं, टॉवेल गुंडाळतोच की. ज्या शहराच्या शेजारी वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, ज्याच्या घराघरांतलं कुणी ना कुणी दुचाकी जोडून पोट भरतंय, त्या शहराने हेल्मेटला नाक मुरडावं? आणि आम्ही बायकर म्हणवणाऱ्यांनी तेव्हा गप्प राहावं, नव्हे, विरोध करावा? आम्हीच तर सांगू शकलो असतो, की बाबांनो, त्याची सवय होते, कान बंद होत नाहीत, केस गळत नाहीत (माझे गळले, पण ते वडिलांकडून आलंय). ते सांगायचं सोडून आम्ही हेल्मेट हा आमच्या शौकाचा दागिना करून ठेवला.

एक आक्षेप मला आधीच ठाऊक आहे: "आम्ही काय समाजसेवा करायला गाडी घेतली का?" नाही. मजेसाठीच घेतली, मीही मजेसाठीच घेतली, आणि घाटात वळणावर गाडी झुकवताना जे वाटतं ते मला आजही सोडवत नाही. पण मग फिती बांधू नका. 'ब्रदरहुड' म्हणू नका. बंधुभाव म्हणायचा आणि रस्त्याकडेला पडलेल्या प्लॅटिनावाल्याला 'पोलिसांचं झंझट नको' म्हणून ओलांडून जायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याच रांगेतून. तेव्हा शेवटच्या गाडीवर मी होतो आणि मी थांबलो ते बरंच मागून, आधी पुढे गेलो होतो. तो माणूस वाचला, त्यात माझं श्रेय शून्य. मदत करणाऱ्याला नाव-गाव सांगायचीही सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितलंय, २०१९ मध्ये ते कलम १३४-अ म्हणून कायद्यातही आलं. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. झंझट कसलं?

परवाच्या राइडचा हिशेब मी करून पाहिला. साठ गाड्या, पेट्रोल-नाश्ता धरून माणशी पाचशे. तीस हजार रुपये. हजाराच्या आसपास साधं पण खरं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट मिळतं. म्हणजे तीस हेल्मेटं. लेण्यांसमोरच्या हॉटेलांतली रात्री घरी जाणारी पोरं साधारण तेवढीच असतील. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर एकाने हसणारा चेहरा टाकला आणि दुसऱ्याने लिहिलं, "वाटून काय, घालणार आहेत का ते?" कदाचित नाही घालणार. पण त्या मुलाच्या फोटोला हार घालूनही तो काही परत येणार नव्हता. तरी घातलाच ना आपण?

असो. भांडण वाढवायचं नाही. येत्या शनिवारी दुपारी चारला मी वेरूळला जातोय, एकटा. लाल-पांढऱ्या रिफ्लेक्टर पट्टीची सहा बंडलं घेतली आहेत. रस्त्यावर ट्रॉली दिसली की ड्रायव्हरला विचारून मागे पट्टी चिकटवायची, एवढाच बेत आहे. एका ट्रॉलीला पाच मिनिटंही लागत नाहीत. पट्टी चिकटवण्याआधी धूळ पुसायला जुनं कापड लागतं, ते आणा. काळ्या फिती उरल्या असतील तर त्याही चालतील.

आणि काका, तुमचं ते आरशाला लटकवलेलं हेल्मेट मी दर श्रावणी सोमवारी पाहतो. आता त्याचं बक्कलही तुटलंय. शनिवारी जाताना तुमच्याकडे थांबतो, नवीन आणलंय. काकूंच्या डोक्याचं माप तेवढं टेपने घेऊन ठेवा, कपाळावरून, भुवयांच्या जरा वर.