महाशक्तीची चंद्रा आणि कागद नसलेली पार्वती

मी काही चित्रपट-समीक्षक नव्हे. समुपदेशन केंद्राच्या कामातून वेळ मिळाला की जे हाताला लागेल ते बघणारी मी एक साधी प्रेक्षक. तरीही लिहावंसं वाटलं, कारण आपल्या बैठकांमध्ये सिनेमाचा विषय निघाला की ठरावीक विभागणी होते. बाईचं दुःख दाखवणारा, संथ, गंभीर चित्रपट तो ‘आपला’. मारामारीचा, अचाट शक्तीचा चित्रपट तो बाजारू, मुलांनी बघायचा. गेल्या काही महिन्यांत मी दोन्ही जातींचा एकेक चित्रपट पाहिला आणि ही विभागणी मला पटेनाशी झाली.

पहिला ‘लोका : चॅप्टर १ – चंद्रा’. डॉमिनिक अरुण यांनी दिग्दर्शित केलेला, २०२५ च्या ओणममध्ये आलेला मल्याळम चित्रपट. लेखनात शांती बालचंद्रन यांचाही वाटा आहे. मी तो हिंदीत पाहिला. नायिका कल्याणी प्रियदर्शन. नायिकाकेंद्री चित्रपट चालत नाहीत असं निर्माते वर्षानुवर्षं सांगत आले. याने तोवरच्या सगळ्या मल्याळम चित्रपटांपेक्षा जास्त कमाई केली.

त्याची मुळं केरळातल्या कळ्ळियंकाट्टू नीलीच्या दंतकथेत आहेत. नीली ही यक्षी. वाटसरू पुरुषांना भुलवून मारणारी, शेवटी एका धर्मगुरूने वश केलेली. आपल्याकडची जखीण, हडळ आठवा. बाळंतपणात मेलेली, छळाने मेलेली बाई झाडावर जाऊन बसते आणि सगळा गाव तिला घाबरतो. ती जिवंत असताना तिला कोण घाबरलं होतं? चित्रपटाने ही गोष्ट उलटी करून सांगितली आहे. नीली ही जंगलातल्या वस्तीतली मुलगी. तिच्या माणसांवर राजाच्या सत्तेने अत्याचार केले. तिची शक्ती तिथून सुरू होते. डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या घटना ज्यांनी हाताळल्या आहेत, त्या मैत्रिणींना यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

आणि मजा आली, हे कबूल करायला आपण का लाजतो? बंगळुरूच्या रस्त्यावर रात्री एक मुलगी एकटी चालते आहे आणि प्रेक्षागृहात कोणालाही तिची काळजी वाटत नाही, वाटलीच तर समोरून येणाऱ्या पुरुषांची वाटते. हा अनुभव दोन तासांचा का होईना, पण किती दुर्मीळ आहे! आमच्या वस्तीतल्या मुली दुसऱ्यांदा बघायला गेल्या. त्यांना ‘हे खरं नसतं गं’ असं सांगायची मला गरज वाटली नाही. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तक्रारी मात्र आहेत. शेकडो वर्षं जगलेली ही बाई अजूनही एका अदृश्य पुरुषाच्या, ‘मूत्तोन’च्या, आज्ञेत आहे. म्हणजे यक्षी झालं तरी घरातला कर्ता पुरुष सुटत नाही! दुसरं, बायकांनी कसं वागावं याबद्दल ठाम मतं असणारा पोलीस अधिकारी खलनायक केला आहे, ते उत्तमच. पण तो संपला की प्रश्न संपल्यासारखं वाटतं. ज्या चित्रपटसृष्टीने ही नायिका घडवली, तिथेच २०१७ साली एका अभिनेत्रीवर हल्ला झाला. त्यानंतर नेमलेल्या न्या. हेमा समितीचा अहवाल २०१९ अखेरीस सरकारच्या हाती आला आणि लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. त्या अहवालात एकच खलनायक नाही. कामाच्या जागी शौचालय नसण्यापासून काम देण्याच्या बदल्यात शरीराची मागणी होण्यापर्यंत सगळी व्यवस्थाच आहे. व्यवस्थेला ठोसा कुठे मारायचा, हे महाशक्तीच्या चित्रपटांना अजून सापडलेलं नाही.

महानायिकेला प्रतीक म्हणून वापरण्याचा उत्साह तर याहून धोक्याचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ‘वंडर वुमन’ या कॉमिकमधल्या पात्राला स्त्री-सक्षमीकरणाची मानद राजदूत नेमलं होतं. खऱ्या बाया का दिसल्या नाहीत, म्हणून तिथल्याच कर्मचाऱ्यांनी निषेध केला. डिसेंबरात हे राजदूतपद गुंडाळावं लागलं.

आता दुसरा चित्रपट. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’. २०२४ साली कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं. मुंबईतल्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या तिघी : केरळातून आलेल्या प्रभा आणि अनू या परिचारिका, आणि स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती. छाया कदम यांची पार्वती मी विसरू शकत नाही. विधवा, चाळीत राहणारी. बिल्डरला जागा हवी आहे आणि आयुष्य जिथे काढलं ते घर आपलं आहे हे दाखवायला तिच्याकडे एकही कागद नाही.

हा प्रसंग आपल्यापैकी कितीजणींनी टेबलाच्या अलीकडून पाहिला आहे! भाडेपावती नवऱ्याच्या नावाने, वीजबिल त्याच्या नावाने, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख तो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने घर नावावर नसलं तरी बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. पण तो हक्क नवऱ्या-सासरच्यांसमोर उपयोगी, बिल्डरसमोर नाही. भाडेकरू मेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ शकतो, असं भाडेनियंत्रण कायदा म्हणतो; पण आपण सोबत राहत होतो हे सिद्ध करायला पुन्हा कागदच लागतो. संसार केल्याची पावती कोण देतं? इथे चंद्राच्या शक्तीचा काही उपयोग नाही. पार्वती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या फलकावर दगड भिरकावतात, त्यात त्यांना मिळणारा आनंद मात्र चंद्राच्या ठोशाच्या सख्ख्या जातीचा आहे. म्हणून म्हणते, ही विभागणी खोटी आहे.

पार्वती शेवटी रत्नागिरीकडे आपल्या गावी परतते. इथे मी थोडी अडखळले. गिरण्यांच्या काळात कोकणातला पुरुष मुंबईत आणि बाई गावाकडे मनीऑर्डरच्या वाटेवर डोळे लावून, अशा पिढ्या गेल्या. त्या बायांना गाव म्हणजे मोकळा उजेड वाटला असेल का? पण त्याच चित्रपटात प्रभाचा जर्मनीतला नवरा दिसत नाही, बोलत नाही, आणि अचानक परदेशातून एक भात शिजवायचा कुकर येऊन पडतो. रात्री ती तो कवटाळते. ती मनीऑर्डरचीच गोष्ट आहे, फक्त या वेळी बाई स्वतःच कमावण्यासाठी घर सोडून आलेली आहे.

अनूचा मित्र मुसलमान आहे. त्यांना दोघांना भेटायला या एवढ्या शहरात जागा नाही. बुरखा घेऊन त्याच्या घरी जायला निघालेली ती मुलगी पाहताना मला आपल्याच राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांसाठी नेमलेली समन्वय समिती आठवली. विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीस पुरेशी नव्हती बहुधा.

ऑस्करसाठी आपल्याकडून हा चित्रपट गेला नाही, ‘लापता लेडीज’ गेला. तोही चांगलाच, त्याबद्दल कुरबुर नाही. पण निवड समितीत एकही बाई नव्हती, आणि भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं अजब मिश्रण, अशा अर्थाच्या वाक्याने त्यांनी आपलं प्रशस्तिपत्र सुरू केलं! पायल कपाडियांचा चित्रपट त्यांना म्हणे भारतात घडणाऱ्या युरोपीय चित्रपटासारखा वाटला. चाळीतून हुसकावलेली बाई युरोपीय कधीपासून झाली, कोण जाणे.

आमच्या गटाने दोन्ही चित्रपट एकाच महिन्यात दाखवायचं ठरवलं आहे. ‘लोका’ला मोठ्या मुलींनाही बोलावणार, शिट्ट्या वाजवायला मुभा आहे. पार्वतीचा चित्रपट बघायला येताना मात्र प्रत्येकीने घरचं वीजबिल सोबत आणायचं, आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते आधी वाचून यायचं.