‘ओपन’ हे कोणाच्या जातीचे नाव नव्हे

इंग्रजी भाषेतील काही शब्द आपल्या घरांत इतके रुळले आहेत की, त्यांची झडती घ्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही. ‘ओपन’ हा त्यांपैकी एक. दहिसरच्या चाळींतून, नव्या इमारतींतून आणि सकाळच्या चर्चगेट गाडीतून तो दिवसातून शंभर वेळा कानी पडतो. दुकान ओपन झाले, बँकेत खाते ओपन केले, मुले ओपन प्लॉटवर खेळायला गेली. या सर्व ठिकाणी त्याचा अर्थ सरळ आहे : उघडे, खुले, आडकाठी नसलेले. परंतु बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या प्रसिद्ध झाल्या किंवा सरकारी भरतीची जाहिरात आली, की हाच शब्द आपला अर्थ टाकून देतो. ‘तो ओपनचा आहे’, ‘ती ओपनवाल्यांची जागा’, ‘तुम्ही कॅटेगरीतले, तुम्हाला ओपनमध्ये काय काम?’ अशी भाषा सुरू होते. जो शब्द उघड्या दाराचा होता, तो एकाएकी दाराला घातलेल्या कुलुपाचा होतो.

धम्माचा मार्ग नव्याने स्वीकारलेल्या कुटुंबांना आमचे या बाबतीत स्पष्ट सांगणे आहे. ‘ओपन’ हे कोणत्याही जातीचे नाव नव्हे. ज्यांना स्वतःची जात सांगण्याचा संकोच वाटतो परंतु सोडण्याची इच्छा नाही, त्यांनी हा परकीय शब्द अंगरख्यासारखा पांघरला आहे. अमक्याची जात ती ‘कॅटेगरी’ आणि आपली जात तेवढी ‘ओपन’, म्हणजे जणू जात फक्त पददलितांनाच असते, आणि तिचे लाभ पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी उपभोगले ते मात्र जातीविरहित! या ढोंगाला आपणच आपल्या तोंडाने मान्यता देत आहोत, हे अधिक दुःखाचे आहे.

‘खुले’ या शब्दाशी आपल्या समाजाची ओळख आजची नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही स्थाने अस्पृश्यांना खुली असावीत, हा त्याचा आशय. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. कागदावर तळे ‘ओपन’ झाले. पाण्यापर्यंत मात्र एकही अस्पृश्य पोहोचू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो स्त्री-पुरुषांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला. न्यायालयात तो वाद दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. या इतिहासाचा धडा एवढाच की, दार उघडे आहे असे लिहून ठेवणारे हात आणि दारात आडवे उभे राहणारे हात पुष्कळदा एकाच समाजाचे असतात. म्हणून ‘खुले’ हा शब्द ऐकताच आपला पहिला प्रश्न असला पाहिजे : कोणासाठी खुले?

आता या शब्दाचा दुसरा खेळ पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला. लगेच केंद्र सरकारच्या लेखी आपली स्थिती बदलली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदूंखेरीज अन्य धर्मीयांना, काही शीख जातींचा अपवाद सोडता, अनुसूचित जातीचा दर्जा नव्हता. आणि १९५६ साली सर्व अनुसूचित जातींच्या शिखांचा समावेश झाला तरी बौद्ध बाहेरच राहिले. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीत बौद्धांना सवलती दिल्या, परंतु केंद्राची दारे १९९० च्या दुरुस्तीपर्यंत उघडली नाहीत. म्हणजे तब्बल चौतीस वर्षे, ज्या बौद्ध तरुणाने केंद्रीय नोकरीच्या अर्जात आपला धर्म प्रामाणिकपणे लिहिला, त्याला सांगण्यात आले की आता तू सर्वसाधारण वर्गात मोडतोस. सवलत काढून घ्यायची होती तेव्हा आपल्याला ‘ओपन’मध्ये ढकलले, आणि आज आपली मुलगी गुणांच्या बळावर त्याच यादीत येते तेव्हा म्हणतात, ही जागा तुमची नव्हे! शब्द एकच, मात्र त्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार आपला, असे समोरचा गृहीत धरून चालतो.

कायद्याने हा अधिकार त्याला दिलेला नाही. संविधानाचे सोळावे कलम सर्व नागरिकांना सार्वजनिक नोकरीत समान संधी देते. राखीव जागांची तरतूद त्या समानतेचेच अंग आहे. इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली स्पष्ट केले की, मागास वर्गाचा उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या स्पर्धेत निवडला गेला, तर त्याची गणना राखीव जागांत होत नाही. १८ डिसेंबर २०२० रोजी सौरव यादव प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले की, खुला वर्ग म्हणजे कोणा एका समूहासाठी राखलेला वाटा नव्हे. तो सर्व स्त्री-पुरुषांना खुला आहे.

हिशोब साधा आहे. समजा, शंभर जागा आहेत आणि त्यांपैकी तेरा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. आपल्या समाजाचे चार उमेदवार गुणानुक्रमे खुल्या यादीत आले, तर ते त्या यादीतच राहतात आणि तेरा जागा तेराच राहतात. एकूण सतरा जण निवडले जातात. त्या चौघांना राखीव जागांत ढकलून तेरातून वजा करणे म्हणजे उरलेल्या जागांभोवती कुंपण घालून त्या वरच्या जातींना राखून ठेवणे होय. राखीव जागांविरुद्ध सर्वांत मोठा गळा काढणारेच अशा रीतीने नव्या राखीव जागा मागत असतात. शिवाय २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक निकषावर दहा टक्के जागा राखल्या गेल्या, त्यांत अनुसूचित जातींतील गरिबातल्या गरिबालाही प्रवेश नाही. तेव्हा आरक्षण घेतो तो कॅटेगरीवाला आणि न घेतो तो ओपनवाला, ही भाषा आता त्यांच्याही तोंडी शोभत नाही.

दहिसरच्या रहिवाशांना हे समजण्यास एक घरचे उदाहरण पुरेसे आहे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून दहिसर नाक्यावर हलक्या वाहनांचा पथकर माफ झाला. त्या दिवसापासून रस्ता खुला झाला. परंतु पूर्वीपासून त्या रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या मोटारवाल्याने, ‘खुला रस्ता म्हणजे आमचा रस्ता’ असे म्हटले, तर त्याला वेड्यात काढले जाईल. हाच न्याय कॉलेजच्या यादीला लागू का होऊ नये?

काही जण विचारतील, आमच्या मुलांनी राखीव जागा सोडाव्यात असे तुम्ही सुचविता काय? मुळीच नाही. राखीव जागा हा संघर्षाने मिळविलेला हक्क आहे. तो घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप आहे तो दुसऱ्या एका भ्रमाला. काही पालक लोकलज्जेपायी मुलाच्या अर्जात ‘ओपन’ लिहितात, कारण त्यांना वाटते की ‘एससी’ लिहिले म्हणजे खुल्या यादीचे दार बंद झाले. असे होत नाही. अर्जात आपला वर्ग खरा लिहावा, प्रमाणपत्र जोडावे; गुण पुरेसे असतील तर नाव खुल्या यादीत येते, कमी पडले तर राखीव हक्क शाबूत असतो. वयोमर्यादेसारखी एखादी सवलत घेतल्यास त्या भरतीचा नियम काय सांगतो, तेवढे मात्र जाहिरातीत बारकाईने वाचावे. आणि खुल्या यादीत नाव असूनही कोणी राखीव जागेत ढकलले, तर मुकाट्याने न बसता लेखी हरकत घ्यावी.

आपल्या धम्मात खुलेपणाचा अर्थ फार पूर्वीच ठरला आहे. दहिसरपासून जवळच असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत दानलेख कोरलेले आहेत. तेथे दान दिले जाते ते चारी दिशांच्या भिक्षुसंघाला. कोणत्याही दिशेने येणाऱ्या भिक्षूसाठी विहार खुला, असा त्या शब्दाचा भाव. भगवान बुद्धांच्या संघात उपाली न्हावीही आला आणि शाक्य राजपुत्रही आले; आणि उपालीला आधी दीक्षा मिळाल्यामुळे राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. खुले म्हणजे हे. जेथे आधी कोण आत आहे यावरून पुढच्याचा प्रवेश ठरतो, त्या जागेला खुले म्हणता येत नाही.

म्हणून प्रत्येक बौद्ध घरात एवढे पाळले जावे. कोणाही माणसाचा उल्लेख ‘ओपनवाला’ असा करू नये. त्याच्या जातीला असे बेमालूम नाव देण्याची जबाबदारी आपली नाही. आपल्या मुलांना सांगावे की, खुली यादी ही त्यांचीही यादी आहे आणि तिच्यात नाव आणण्यासाठीच अभ्यास करावा. आणि कोणी तुच्छतेने विचारले की तुम्ही ओपनमध्ये कसे, तर शांतपणे उत्तर द्यावे : दार उघडे होते, आम्ही आत आलो. जय भीम.